पाखराच्या चित्रातील पिता

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बार्तोलोमे एस्तेबान मुरिल्यो या सेव्हिलच्या चित्रकाराने सुमारे १६५० साली रंगविलेले एक तैलचित्र आहे. ‘पाखरासह पवित्र कुटुंब’ या नावाने ते ओळखले जाते. युरोपीय चित्रकलेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तीत कारावाज्जोचा काळोख, रूबेन्सचा देहोत्सव आणि रेम्ब्रांची अंतर्मुखता यांना मानाचे पान मिळते, आणि मुरिल्योचे नाव निघालेच तर ‘गोडवट’ या एका विशेषणावर त्याची बोळवण होते. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, आणि तो फिरवावयाचा तर पुरावा म्हणून मी हेच चित्र पुढे करीन.

चित्रात घडते ते अगदी थोडे आहे. दोन-अडीच वर्षांचा येशू हातातले चिमुकले पाखरू उंच धरून समोरच्या पांढऱ्या कुत्र्याला खिजवीत आहे, कुत्र्याने पंजा उचलला आहे, आणि मूल बसलेल्या पित्याला रेलून उभे आहे. डावीकडे, किंचित मागे, मरिया सूत गुंडाळता गुंडाळता थांबून हा खेळ पाहत आहे. उजवीकडे पाठीमागच्या अंधारात सुतारकामाचे मेज आहे. कोणाच्याही मस्तकामागे प्रभावलय नाही, देवदूत नाहीत, मेघ नाहीत. पण मुलाच्या अंगातला झगा, कुत्र्याची लव आणि मरियेजवळच्या टोपलीतले कापड हे तीन पांढरे रंग जरा निरखून पाहावेत: तपकिरी काळोखातून त्यांना वर काढणारा प्रकाश एकच असूनही प्रत्येकाचे पोत निराळे आहे, आणि ईश्वरपुत्राच्या वस्त्राला जेवढी निगा तेवढीच घरच्या शिवणटिपणाला देणारा हा कुंचला केवळ लाडिकपणाचा धंदा करीत नव्हता, हे कोणाही सहृदय प्रेक्षकाला तेथे कळून यावे.

माझ्या मते या चित्राचा खरा नायक योसेफ आहे. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याला स्वप्नात आज्ञा होते, तो उठतो आणि सांगितले तसे करतो, एवढाच त्याचा वृत्तांत. कुमारीजन्माच्या सिद्धांतास बाध येऊ नये म्हणून असेल, परंतु मध्ययुगीन चित्रकारांनी त्याला बहुधा पिकल्या दाढीचा, पेंगुळलेला म्हातारा करून गोठ्याच्या कोपऱ्यात बसविले, आणि कित्येक चित्रांत तर तो घरातल्या अनावश्यक माणसासारखा दिसतो. सोळाव्या शतकात वारे पालटले. आविलाच्या संत तेरेसाने १५६२ साली स्थापिलेला आपल्या सुधारणेचा पहिला मठ योसेफाच्याच नावाने वाहिला. १६२१ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने १९ मार्च हा त्याचा सण सर्व कॅथलिक धर्मसभेत पाळण्याचा हुकूम काढला. आणि ज्याला बायकामुलाला घेऊन मिसरपर्यंतची वाट तुडवायची होती व हातच्या कामावर घर पोसायचे होते तो पुरुष जराजर्जर असणे संभवत नाही, हा साधा व्यवहारी युक्तिवाद धर्मपंडितांना पटू लागला. सेव्हिलमध्ये इन्क्विझिशनच्या वतीने धार्मिक चित्रांची तपासणी करणाऱ्या फ्रान्सिस्को पाचेकोचा चित्रकलेवरील ग्रंथ १६४९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही तरुण योसेफाचाच पुरस्कार आहे.

मुरिल्योने हा तरुण, काळ्याभोर केसांचा योसेफ चित्राच्या ऐन मोक्याच्या जागी बसविला, आणि ज्या काळात पवित्र कुटुंबाच्या चित्रात मूल आईच्या मांडीवर असणे हाच शिरस्ता होता त्या काळात ते पित्याच्या हाती सोपविले. हा पिता रक्ताचा नव्हे. जन्म न देताही पितृत्व पत्करता येते, आणि ते पत्करल्याची खूण अधिकार गाजविण्यात नसून हातातले काम बाजूला ठेवून मुलाच्या खेळाला आपले अंग देण्यात आहे, असा या चित्राचा आशय मला दिसतो. ज्या समाजात बापाने मुलाला चारचौघांत जवळ घेणेही कालपरवापर्यंत कमीपणाचे मानले जात होते, त्या आपल्या समाजाने तर तो लक्षपूर्वक पाहावा.

चित्रकाराच्या चरित्राने चित्राचा उलगडा करण्याची पद्धत मला सहसा मानवत नाही, तरी येथे काही नोंदी डोळ्यांआड करणे कठीण आहे. मुरिल्यो चौदा भावंडांतला धाकटा. बाप न्हावी आणि शल्यवैद्य अशी दोन्ही कामे करणारा. तो १६२७ साली गेला, पुढच्याच वर्षी आई गेली, आणि दहा वर्षांचे हे पोर थोरल्या बहिणीच्या व तिच्या नवऱ्याच्या घरी वाढले. दुसऱ्याच्या मुलाला आपले मानणारा पुरुष त्याने घरात पाहिला होता. पुढे १६४९ साली सेव्हिलवर प्लेगची धाड आली व शहराची जवळजवळ निम्मी वस्ती तिने नेली. त्या संहाराच्या आगेमागेच हे चित्र तयार झाले. आणि त्याच वर्षांच्या सुमारास, आज लूव्हर संग्रहालयात असलेला तो अनवाणी भिकारी मुलगाही त्याने रंगविला, जो भिंतीशी बसून आपल्या फाटक्या कपड्यातल्या उवा वेचीत आहे. तिरप्या उन्हाचा तोच प्रकाश, तोच मातकट काळोख. ज्याला ते मूल दिसत होते त्याने सुरक्षित मुलाचे चित्र काढावे, यात वास्तवापासून पळ काढल्याचा आरोप कसा बसतो, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही. संकटातून बचावलेल्या शहरातल्या भाविकाला या चित्रापुढे उभे राहून काय वाटले असेल, याचा विचार टीकाकारांनी अगोदर करावा.

बालयेशूच्या हातातील पाखरू हे ख्रिस्ती चित्रपरंपरेत भावी यातनांचे सूचक मानले जाते, आणि तो अर्थ येथेही लावता येईल. मात्र त्या संकेताच्या ओझ्याखाली खेळ दडपून टाकू नये, इतके माझे मागणे आहे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मुरिल्योने याच विषयाला पुन्हा हात घातला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्या भव्य पटात वर पिता परमेश्वर आहे, मध्ये कबुतररूपी पवित्र आत्मा आहे आणि खाली मरिया व योसेफ यांच्या मधोमध बालयेशू आहे. स्वर्गातले त्रैक्य आणि पृथ्वीवरचे त्रैक्य यांची सांगड तेथे निःसंदिग्ध घातली आहे. रचनेची प्रौढी आणि रंगांची मृदुता पाहता जाणकार तेच चित्र श्रेष्ठ ठरवतील. मला निवड करावयाची झाली तर मी प्रादोतले चित्र घेईन, कारण लंडनच्या चित्रात योसेफाचे पावित्र्य वरच्या आकाशाच्या हवाल्याने सिद्ध होते, आणि प्रादोतल्या योसेफाला त्यासाठी मांडीशी टेकलेल्या मुलाखेरीज कोणाची साक्ष लागत नाही.