दुधाच्या दाताची लॉग फाईल

आमच्या धंद्यात एक जुनी फसवणूक आहे, सरासरी. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाईम झकास दिसतो आणि तिकडे रात्री दोन वाजता दहा मिनिटं सगळं ठप्प झालेलं असतं! ते कळायला लॉगच उघडावा लागतो.

हे आठवलं ते इनामगावमुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमाराचं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत. इ.स.पू. १००० नंतर मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, असं ढवळीकरांचं मत.

मग त्या दिवसांत या पोरांचं काय झालं? आईचं दूध कधी तुटलं?

दात हा लॉगच आहे हो. दुधाचे दात आईच्या पोटातच थराथराने घडायला लागतात, जन्माची रेघसुद्धा त्यात उमटते. बाळ अंगावर पीत असताना दातातलं बेरियम वाढतं, दूध सुटलं की उतरतं. बेल्जियममधल्या एका निअँडर्थल मुलाचं दूध सव्वा वर्षाच्या आसपास अचानक तुटल्याचं २०१३ साली असंच कळलं.

पण दात विरघळवून मोजला, तर बेरियमचा एकच आकडा मिळतो. म्हणजे पुन्हा सरासरी! त्याऐवजी दाताच्या छेदावर लेझर एकेक रेघ फिरवतात. उडालेली धूळ हेलियमबरोबर आर्गॉनच्या तापलेल्या प्लाझ्मात जाते, तिथे अणूंचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानानुसार मोजतो. रेघा शेजारी शेजारी मांडल्या की प्रत्येक मूलद्रव्याचा नकाशा तयार.

तुम्ही म्हणाल, तीन हजार वर्षं मातीत पडलेल्या दाताचा काय भरवसा? इथेच नकाशा कामाला येतो. मातीतलं युरेनियम दातात कुठे मुरलंय ते दिसतं, तो भाग बाजूला ठेवता येतो. सरासरीत चांगलं-वाईट सगळं एकत्र कालवलेलं असतं.

खरा आक्षेप वेगळा आहे. दात कापावा लागतो आणि लेझरने खाल्लेला भाग परत येत नाही. कुणाचं तरी बाळ आहे ते, हेही विसरून चालणार नाही. तरी माझं मत, कापावा. आधी त्याचं सीटी स्कॅन करावं, अर्धा भाग पुढच्यांसाठी राखावा, आणि जिथे एका दातात भागतं तिथे दुसऱ्याला हात लावू नये. नुसता जपून ठेवलेला, कधीच न वाचलेला लॉग काय कामाचा?

त्या आईने बाळाला घरातच ठेवलं, लांब नाही नेलं. त्याची निदान विचारपूस तरी करूया. असो.