सांगितलं तर कॉलेज बंद



गेल्या महिन्यात तालुक्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलींशी बोलायला गेले होते. विषय होता, येता-जाताना घ्यायची काळजी. मी तोंड उघडण्याआधी मुलींनीच मला शिकवलं. एस.टी.त कंडक्टरजवळची सीट धरायची, उभं राहावं लागलं तर सॅक पुढे घ्यायची, ओढणीची पिन हाताशी ठेवायची, फाट्यावर एकटीनं उतरायचं नाही. सगळं तोंडपाठ! मग मी विचारलं, "असं काही झालं तर घरी सांगता?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून आवाज आला, "सांगितलं तर कॉलेज बंद, ताई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या राज्यात बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. पण छेडणारा रोज त्याच गाडीनं जाणार, आणि पास घरात पडून राहणार तो हिचा.

मला इतरांना नावं ठेवायची नाहीत. माझी मुलगी शाळेत असताना एकदा घाबरून सांगत आली, की कुणीतरी क्लासपासून मागे येत होतं. माझा पहिला प्रश्न होता, "एवढा उशीर का केलास?" त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं मला काहीच सांगितलं नाही. मी मात्र समजत होते, सगळं ठीक आहे.

"सातच्या आत घरात" म्हणून मुली सुरक्षित राहतात, हेही खरं नाही. 1990 साली उल्हासनगरला एका मुलीला जाळलं ते दहावीच्या परीक्षेच्या वर्गात, दिवसाढवळ्या.

पाठलाग करणं हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतो. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीला 112 नंबर आहे. हे मी मुलींना सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं. पण जी घरी बोलू शकत नाही, ती ठाण्याची पायरी कशी चढणार? "तुझं शिक्षण थांबणार नाही" हा शब्द तिला आधी मिळायला हवा, काही घडण्याच्या आधी.

पुढच्या महिन्यात तिथे पालकांची सभा ठरली आहे. प्राचार्यांनी विचारलं, "आयांनाच बोलवायचं ना?" मी म्हटलं, वडिलांनाही. आणि मुलांच्या वर्गावर एक तास द्या.