ओसरीवरून : गळ्यांतला क्रूस

गेल्या दिवाळींत आमच्या कवठे महांकाळच्या घरीं सारीं भावंडें, सुना, नातवंडें जमलीं होतीं. भाऊबिजेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांनीं माजघरांतल्या टेलिव्हिजनवर एक अमेरिकन मालिका लावली. असल्या गोष्टींचें मला अगत्य नाहीं. परंतु माझी पुतणी, जी मिरजेस वैद्यक शिकली आणि आतां सांगलीस दवाखाना चालविते, ती हातांतलें काम टाकून मुलांच्या घोळक्यांत जाऊन बसली. हिला एवढें काय पाहावयाचें आहे, म्हणून मीहि खुर्ची ओढली.

मालिकेचें नांव 'दि एक्स फाईल्स'. ख्रिस कार्टर नांवाच्या गृहस्थानें ती निर्मिली; १० सप्टेंबर १९९३ पासून २००२ पर्यंत, आणि पुढें पुन्हां २०१६ व २०१८ सालीं, मिळून तिचे २१८ भाग झाले. अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्यांत ज्या प्रकरणांचा उलगडा झाला नाहीं, त्यांचे कागद एका तळघरांत पडून असतात. मल्डर नांवाचा अधिकारी ते उघडून बसतो. लहानपणीं त्याची बहीण घरांतून नाहींशी झाली. तिला परग्रहावरच्या प्राण्यांनीं नेलें असें त्याच्या मनानें घेतलें आहे. या त्याच्या छंदास शास्त्राचा लगाम बसावा म्हणून वरिष्ठ त्याच्या जोडीस डॉक्टर डेना स्कली हिला देतात. ही बाई पदार्थविज्ञानाची पदवीधर, पुढें डॉक्टर झालेली, प्रेतांची चिरफाड करून मरणाचें कारण सांगणारी. त्यानें भूत म्हणावें, तिनें विषाणु म्हणावा, हा दोघांचा नित्याचा संवाद. मात्र तिच्या गळ्यांत सोन्याचा बारीकसा क्रूस आहे. ती रोमन कॅथलिक घराण्यांतली.

तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलेला मी माणूस. मला राहवलें नाहीं. मीं म्हटलें, "प्रेत चिरून कारण शोधणाऱ्या बाईला हा दागिना कशाला ग?" पुतणी पडद्यावरची नजर न काढतां म्हणाली, "काका, आम्हांला प्रकाशाचें वक्रीभवन शिकवितांना तुमच्या सदऱ्याखालीं जानवें नव्हतें का?" मुलें हंसलीं. मी गप्प बसलों. परंतु मंडळी आपापल्या गांवीं परतल्यावरहि मी ती मालिका रोज रात्रीं पाहात राहिलों, हें येथें कबूल करतों.

तिची खुबी अशी कीं, मल्डर कशावरहि विश्वास ठेवतो, पण देवाधर्मावर नाहीं; स्कली कशावरहि विश्वास ठेवीत नाहीं, पण देवावर ठेवते. डिसेंबर १९९५ मध्यें दाखविलेल्या 'रेव्हलेशन्स' या भागांत एका लहान मुलाच्या तळहातांतून, येशूच्या जखमांच्या जागीं, रक्त वाहूं लागतें. अशा खोट्या जखमा मिरविणारे भोंदू मल्डरनें पुष्कळ पाहिलेले; तो हें थोतांड समजतो. स्कली मात्र घुटमळते. मुलाचें रक्षण करणारा एक गृहस्थ मारला जातो. त्याचें प्रेत तपासतांना तें कुजत नाहीं असें तिला दिसतें, त्यास फुलांसारखा वास येतो असें वाटतें, आणि संतांचीं शरीरें कुजत नाहींत ही बालपणीं ऐकलेली गोष्ट तिला आठवते. एरवीं पुरावा मागणारी बाई येथें स्वतःच्याच नाकाची साक्ष ग्राह्य धरूं पाहते. कथेच्या दृष्टीनें हा भाग मला कच्चा वाटला, कारण रचणाऱ्यानें तराजूच्या एका पारड्यावर बोट ठेवलें आहे.

योगायोग असा कीं त्याच वर्षीं आपल्याकडे गणपति दूध प्याला. तारीख २१ सप्टेंबर १९९५, वार गुरुवार. दिल्लीकडून निघालेली बातमी टेलिफोनवरून पाहतां पाहतां देशभर पसरली आणि परदेशांतल्या देवळांपर्यंत जाऊन पोंचली. आमच्या गांवींहि रांग लागली, आणि माझी आई फुलपात्रांत दूध घेऊन त्या रांगेंत उभी राहिली. मी शाळेंतून आलों तो तडक स्वयंपाकघरांत गेलों, दुधांत कुंकू कालविलें, पाट्यावरचा वरवंटा उभा केला आणि चमचा त्याच्या अंगास टेकविला. वरवंटाहि दूध प्याला! पृष्ठताणामुळें दूध चमच्यांतून ओढलें जातें आणि मग पातळ थरानें खालीं ओघळतें. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाहीं. कुंकू घातलें कीं रेघ दिसते. केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनींहि रंगीत दूध घेऊनच हें दाखविलें होतें. आई देवळांतून परतल्यावर मीं तिला मोठ्या विजयानें वरवंटा दाखविला. ती म्हणाली, "प्याला नसेल. मीं नेऊन दिलें, एवढें खरें." आणि उरलेल्या दुधास विरजण लावावयास आंत गेली. त्या वेळीं मला तें पळवाटीचें उत्तर वाटलें होतें.

आपल्या मराठींत हेरांची वाण नाहीं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व धनंजय देवाच्या भानगडींत पडत नाहींत. नारायण धारपांचे 'समर्थ' अगदीं उलट टोंकाचे. तेथें अनिष्ट शक्ति खरी असते आणि समर्थांचें सामर्थ्यहि खरें असतें. त्या कथा वाचून रात्रीं मागल्या दारीं जातांना मींहि कंदील बरोबर घेतला आहे. शिवाजी साटमांनीं वठविलेले 'सी. आय. डी.' मधले प्रद्युम्नसाहेब १९९८ पासून वीस वर्षें घरोघर आले, आणि ती मालिका डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां सुरू झाली. तेथें भूत दिसलें, तरी प्रकरण अखेर बहुधा डॉक्टर साळुंखे यांच्या प्रयोगशाळेंतच मिटतें. एकाकडे नुसती बुद्धि, दुसऱ्याकडे नुसती सिद्धि. दोन्ही एकाच देहांत भांडत आहेत असा तपासनीस शोधावयाचा तर मला इंग्रजींतला, चेस्टरटनच्या कथांतला फादर ब्राऊन आठवतो. १९१० सालच्या त्याच्या पहिल्याच कथेंत एक चोर पाद्री बनून येतो. बोलण्याच्या भरांत तो मनुष्याच्या बुद्धीची निंदा करतो, आणि हा खरा पाद्री नव्हे हें फादर ब्राऊन तेवढ्यावरून ओळखतो.

स्कलीचा मला सर्वांत आवडलेला भाग जानेवारी १९९४ मधला, 'बियाँड दि सी'. तिचे वडील आरमारांतले कप्तान. एका रात्रीं झोंपेंतून दचकून ती पाहते तों वडील समोरच्या खुर्चींत बसले आहेत, ओंठ हालताहेत, शब्द ऐकूं येत नाहींत; आणि लागलीच टेलिफोन वाजतो कीं ते वारले. पुढें देहदंडाची शिक्षा झालेला एक खुनी, बोग्स, तिला सांगतो कीं मृतांचे आवाज मला ऐकूं येतात, तुझ्या वडिलांचा निरोपहि मी देईन. गंमत पाहा, या वेळीं मल्डरचाच त्याच्यावर विश्वास नाहीं, आणि स्कलीचे हात कांपतात. शिक्षेच्या वेळीं तूं हजर राहा, निरोप सांगतों, असें तो म्हणतो. ती जात नाहीं. वडील काय म्हणाले असते हें मुलीला ठाऊक असतें. त्यासाठीं खुन्याच्या तोंडाची गरज नाहीं, असें तिनें मनाशीं ठरविलें आहे. बोग्स खरा कीं खोटा हा प्रश्न तसाच राहतो. आपणांला तो खरा असावयास हवा आहे, एवढें मात्र तिनें वेळीं ओळखलें.

हा भाग पाहतांना मला आमच्याच घरची एक गोष्ट आठवली. ती लिहावयास वहिनींची परवानगी घेतली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत वहिनींच्या छातीस गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. न दुखणारी गाठच पुष्कळदां वाईट असते, हें डॉक्टर मुलीच्या आईस ठाऊक नसावें! एका शेजारणीच्या सांगण्यावरून त्या एका बाबांकडे गेल्या. बाबांनीं अंगारा दिला, एकवीस मंगळवार सांगितले, आणि बजावलें कीं देवीचा कौल आहे, गाठीस लोखंड लागतां कामा नये. संक्रांतीस पुतणी माहेरीं आली, आणि हळदीकुंकवाच्या गडबडींत आईस हात वर उचलतांना त्रास होतो हें तिच्या नजरेस आलें. मग सर्व बाहेर पडलें.

दादा संतापले. मीं शाळामास्तराच्या थाटांत वरवंट्याची गोष्ट पुन्हां सुरू केली. वहिनींनीं आम्हां दोघांकडे पाठ फिरविली आणि देवघरांत जाऊन आंतून कडी लावली. पुतणी दाराशीं जमिनीवर बसली. तिनें अंगाऱ्याचें नांव काढलें नाहीं. "आई, लोखंड लावूं नको हें देवी बोलली, कीं ते बोलले?" एवढेंच तिनें विचारलें. बराच वेळ आंतून उत्तर आलें नाहीं. मग आलें, "तेच बोलले." "मग आपण त्यांचें बोलणें तपासूं. देवीचें नाहीं."

करार ठरला. आठ दिवस अंगारा चालूं द्यावयाचा. गाठ आज मोजावयाची, नवव्या दिवशीं पुन्हां मोजावयाची, आणि कमी नसेल तर त्याच दिवशीं मिरजेस जावयाचें. तेथली वेळ तिनें आधींच ठरवून टाकली. नातवाच्या दप्तरांतली व्हर्निअरची मोजपट्टी घेतली आणि आंकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिला. आठ दिवसांत गाठ वाढली कीं घटली हें मापांत कळणें कठीण, हें तिला ठाऊक होतें. पाऊल उचलावयास वहिनींना अवधि हवा होता, तेवढा तिनें दिला. दादा आजहि म्हणतात कीं ते आठ दिवस वांया गेले, आणि वैद्यकाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें खोडून काढतां येत नाहीं. नवव्या दिवशीं आंकडा तोच आला. वहिनींनीं चष्मा लावून तो स्वतः वाचला, आणि लुगड्यांची पिशवी भरली. मिरजेस तुकडा काढून तपासला. शस्त्रक्रिया झाली, पुढें औषधें झालीं, केस गेले, पुन्हां आले.

पुढें एकदां, या मालिकेचाच विषय निघाला असतां, पुतणी मला म्हणाली, "काका, नवव्या दिवशीं मीं दोनदां मोजलें. पहिल्या खेपेस पट्टी जरा दाबून धरली होती. माप कमी यावें म्हणून." घरांतल्या एकुलत्या एक डॉक्टरचे हे शब्द. ते आठ दिवस तीहि रोज रात्रीं देवापुढें बसत होती, आणि अंगारा खरा ठरावा असें तिलाहि वाटत होतें. वाटलें म्हणून तिनें स्वतःला दोष दिला नाहीं. पट्टी सैल करून पुन्हां मोजलें, एवढेंच. बाबांवर शंका घेणें मला जमतें. स्वतःच्या हातावर शंका घेणें मला शाळेंत कोणीं शिकविलें नव्हतें, आणि मींहि कोणास शिकविलें नाहीं.

मिरजेचें मला या बाबतींत नवल वाटतें. तेथें १८९४ सालीं विल्यम वॉन्लेस या मिशनरी शस्त्रवैद्यानें रुग्णालय उभारलें. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर वैद्यक शिकले तेंहि मिरजेसच. एकानें देवाच्या नांवानें सुरी हातांत घेतली. दुसऱ्यानें वैद्यकी बाजूस ठेवून १९८९ सालीं अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापिली. आमचें भांडण कोणाच्या देवावरील श्रद्धेशीं नाहीं, तिच्या आडून होणाऱ्या फसवणुकीशीं आहे, असें ही समिति सांगत आली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास गेलेल्या दाभोलकरांस पुण्यांत गोळ्या घालून मारलें. ज्या कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें संमत केला.

मालिकेंतल्या स्कलीलाहि पुढें कर्करोग होतो. नोव्हेंबर १९९७ च्या भागांत ती मरणाच्या दारीं असते. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, मल्डरनें मिळविलेली एक गूढ चिप तिच्या मानेंत बसविली आहे, आणि बऱ्याच वर्षांनीं ती पाद्रीसाहेबांबरोबर प्रार्थना करते. रोग ओसरतो, कशानें, हें लेखक सांगत नाहीं. टीकाकारांस हा मोघमपणा मोठा कलापूर्ण वाटेल. माझी त्यास हरकत आहे. अमेरिकेंतला पाद्री प्रार्थनेचें श्रेय मागावयास दारीं येत नसेल; आमच्या तालुक्यांत वहिनी बऱ्या झाल्याची वार्ता लागतांच बाबांनीं आपल्या अंगाऱ्याच्या यशांत त्यांची गणना करून टाकली, आणि तें ऐकून आणखी दोन बायका तिकडे गेल्या. वहिनी स्वतः त्या दोघींच्या घरीं गेल्या, कालनिर्णयाचें तें पान बरोबर घेऊन. एक मिरजेस आली. दुसरी आली नाहीं.

वहिनी मात्र म्हणतात कीं देवीनेंच डॉक्टरांचे हात चालविले. पुतणी याला होकार देत नाहीं, नकारहि देत नाहीं. मीं एकदां तिला टोंचून विचारलें, "याची तपासणी नको का?" ती म्हणाली, "असें म्हणून आई कोणाचें औषध बंद करते का? नाहीं ना? मग तें माझ्याकडे तपासणीला येत नाहीं."

दर सहा महिन्यांनीं वहिनी मिरजेस जातात. जातांना महांकालीच्या देवळांत नारळ ठेवतात. तपासणीचे कागद त्यांनीं देवघरांत समईमागें ठेवले आहेत. दादांची तक्रार अशी कीं कागदांस तेल लागतें. पुतणीनें सर्वांच्या प्रती काढून सांगलीस नेल्या. मूळ कागद तेथेंच असूं देत म्हणाली.