एवढ्याशा प्लास्टिकला एवढे पैसे? मॉडेल किटच्या किमतीमागचं गणित

परवा ऑफिसमधल्या एका ज्युनिअरने माझ्या डेस्कवरचं छोटं स्पिटफायर विमान उचललं आणि विचारलं, "दादा, केवढ्याला घेतलं?" आकडा ऐकून त्याने विमान हळूच परत ठेवलं. "एवढ्याशा प्लास्टिकला?"

त्याचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

आधी ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी. मॉडेल किट म्हणजे खऱ्या विमानाची, रणगाड्याची किंवा गाडीची मोजून लहान केलेली प्रतिकृती. बॉक्सवर १/७२ लिहिलं असेल, तर मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले येतात. त्या चौकटीला रनर म्हणतात. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. माझं पहिलं किट मी नेलकटरने कापलं होतं, आणि ते तसंच दिसतं!

पैसे प्लास्टिकचे नाहीत, साच्याचे आहेत

किट बनतं पॉलिस्टायरीनपासून, आणि ते स्वस्त असतं. महाग असतो तो पोलादी साचा. आधी खऱ्या विमानाची मापं घ्यायची (हल्ली काही वेळा लेझर स्कॅनिंग करून), मग कॉम्प्युटरवर शेकडो भागांचं डिझाइन करायचं, मग पोलादात केसाएवढ्या बारीक रेषा कोरायच्या. विमान किंवा गाडी बनवणाऱ्या कंपनीला लायसन्सचे पैसे द्यावे लागले, तर तेही यातच.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे गणित ओळखीचं आहे. ॲप बनवायला वर्ष जातं, पण डाउनलोड दहा होवोत की दहा लाख, बनवायचा खर्च तोच. समजा, साच्याला ५० लाख रुपये लागले (आकडा फक्त उदाहरणासाठी). ५०,००० किट विकले गेले तर एका किटवर साच्याचा बोजा १०० रुपये. ५,००० च विकले गेले तर १,००० रुपये. प्लास्टिक तेवढंच, किंमत मात्र कुठल्या कुठे.

या धंद्याचं दुखणं इथेच आहे. १९५२ मध्ये ब्रिटनच्या एअरफिक्सने 'गोल्डन हाइंड' जहाजाचं किट वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगला विकायला काढलं. ते पोरांच्या खिशाला परवडणारं होतं. आज त्याच छंदातलं मोठं गिऱ्हाईक प्रौढ आहे आणि त्याला कॉकपिटमधला प्रत्येक डायल हवा असतो. तपशील वाढला की साचा महागतो, किंमत चढते, पोरं लांब राहतात, गिऱ्हाईक आणखी कमी होतं. असं हे चक्र आहे. एअरफिक्स १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली. रेव्हेलची अमेरिकन मालक कंपनी हॉबिको २०१८ मध्ये गेली. दोन्ही नावं टिकली, पण मालक बदलून.

आपल्याकडे आणखी एक थर

भारतात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शुल्काच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांसोबत, ९५०३ या एकाच क्रमांकाखाली येतात. म्हणजे व्यापाऱ्याने १,००० रुपयांचं किट रीतसर आणलं, तर शुल्कानंतर ते १,७०० चं. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,७८५. दुकानदाराचा नफा अजून धरलेलाच नाही.

गंमत म्हणजे एअरफिक्सच्या कित्येक बॉक्सवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असतं! म्हणजे किट इथे बनवता येतं. शुल्काचा हेतू देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा आहे, आणि तो चुकीचा नाही. पण तामियाच्या तोडीचं देशी किट मला अजून एकाही दुकानात दिसलेलं नाही. जिथे देशी पर्यायच नाही, तिथे शुल्क फक्त गिऱ्हाइकाला बसतं.

मग यातून वाट कुठली?

एक वाट जपानच्या बंदाईने दाखवली. त्यांचं पहिलं गंडम रोबोट किट १९८० मध्ये ३०० येनला आलं. चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच रोबोटचं 'एंट्री ग्रेड' किट आलं ७७० येनला. भाग रंगीतच येतात, गोंद लागत नाही, कटरही लागत नाही. नवख्यासाठी स्वस्त दार उघडं ठेवायचं आणि महाग किट जुन्या खेळाडूंना विकायचे. मोबाइल गेमचं मॉडेल ओळखीचं वाटतंय ना?

दुसरी वाट थ्रीडी प्रिंटिंगची. स्वस्त रेझिन प्रिंटरमध्ये तुमच्या फोनसारखाच एलसीडी पडदा असतो. तो अतिनील प्रकाश हवा तिथेच जाऊ देतो आणि द्रव रेझिन थराथराने घट्ट होतं. साचाच नाही, त्यामुळे पाच नग बनवले तरी परवडतं. पण एका प्रिंटला तास लागतात, इंजेक्शन मशीन काही सेकंदांत अख्खी फ्रेम बाहेर टाकतं. शिवाय रेझिनला वास, हातमोजे, धुणं, सगळं आलं. म्हणून मला वाटतं, प्रिंटर कारखान्यांना संपवणार नाही. ज्या विमानांसाठी कुणी साचा बनवणार नाही, ती त्याच्या वाट्याला येतील.

तिसरी वाट आपल्या हातात आहे. भोसरी-चाकणला गाड्यांच्या प्लास्टिक भागांचे साचे रोज बनतात. कौशल्य आहे, मशीन आहे, अडतं ते खपावर. सोपं, बिनगोंदाचं 'तेजस' शाळकरी पोरांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत आलं, तर तो खप तयार होऊ शकतो. पहिलं किटच परवडलं नाही, तर दुसरं घेणारा जन्माला कसा येणार?

सुरुवात करायची असेल तर

पहिलं किट बिनगोंदाचं घ्या. विमानच हवं असेल, तर घेण्याआधी स्केलमेट्स या साइटवर ते शोधा. साचा कोणत्या वर्षीचा आहे ते तिथे कळतं, कारण नव्या बॉक्समध्ये कित्येकदा पन्नास वर्षं जुना साचा असतो. बजेट ठरवताना कटर आणि रंग धरायला विसरू नका.

त्या ज्युनिअरने शेवटी छोटा रोबोट मागवला. काल विचारत होता, "नेलकटर चालेल का?" त्याला माझं पहिलं विमान दाखवलं.