उकळलं म्हणजे झालं?
‘पाणी उकळून पितोस ना रे?’ घरापासून लांब, फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या प्रत्येकाला आईचा हा फोन येतोच. जंतूंसाठी तिचा फंडा एकदम करेक्ट! पण शिसं, आर्सेनिक असल्या जड धातूंना उकळीची फिकीर नसते. पाण्याची वाफ होते, धातू भांड्यातच राहतो.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचंच बघा. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला तिथे डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. पाइप गंजू नयेत म्हणून लागणारं रसायन घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. त्याच वर्षी पाण्यात जंतू सापडले, तेव्हा लोकांना सांगितलं, उकळून प्या! ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या कारखान्याने, सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. माणसं मात्र आणखी वर्षभर तेच पीत होती. २०१५ मध्ये डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तात वाढलेलं शिसं दाखवलं, तेव्हा कुठे डेट्रॉइटचं पाणी परत आलं.

शिशाला ना वास, ना चव. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक, मोठ्यांचं ब्लडप्रेशर आणि किडनी बिघडवणारं. भारतीय मानकानुसार मर्यादा आहे लीटरला ०.०१ मिलिग्रॅम. जुन्या बिल्डिंगमध्ये राहताय? लॅबमधून शिशाची टेस्ट करून घ्या. रात्रभर पाइपात साचलेलं पाणी सकाळी फरशीला वापरा.

आणि हो, उकळणं चालूच ठेवा. जंतू काही सुट्टीवर गेलेले नाहीत!