लाजेपायी जीव जाऊ नये

पेडणे व डिचोली तालुक्यांतील सुशिक्षित घरांतूनही ज्या रोगाचे नाव अद्याप दबल्या आवाजात घेतले जाते, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग होय. या लाजेची किंमत केवढी? जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग जडला आणि जवळजवळ ८०,००० दगावल्या. आणि हा रोग तर बव्हंशी टाळता येण्याजोगा!

त्याचे मूळ एचपीव्ही नामक विषाणूत आहे. शरीरसंबंधातून तो पसरतो. बहुतेकींच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काहींच्या ठायी मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो आणि कर्करोग तेथेच मूळ धरतो. यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही २०२३ साली आपली लस बाजारात आणली.

विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, ही लस सर्वांत गुणकारी ठरते. परंतु पंधरावे लागले की दार बंद झाले, ही समजूत खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली विसाव्या वर्षापर्यंत एक किंवा दोन आणि त्यापुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सुचविल्या आहेत. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातील विद्यार्थिनींनाही हे कोणी समजावून सांगावयास नको काय?

‘लसीने मुली बिघडतील’ असे म्हणणाऱ्यांस आमचा साधा सवाल आहे : धनुर्वाताची सुई टोचली म्हणून कोणी मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देतो काय? लसीविषयीच्या भीतीला मात्र उत्तर दटावणीने देऊ नये. २०१० साली आंध्र व गुजरातेतील लसीकरण-प्रकल्प थांबविण्यात आला. तेथील मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. पण पालकांची संमती घेण्यातील हेळसांड उघडकीस आली. यास्तव आईबापांस मराठीतून सारे सांगावे, मगच सही घ्यावी.

मुलींबरोबर मातांचाही विचार हवा, कारण लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत एकदाच केलेल्या एचपीव्ही-चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेथील शेतकरी स्त्रियांना जे साधले, ते आमच्या आयाबहिणींना का साधू नये?

पत्रादेवीच्या नाक्यावर हा रोग अडत नाही. बांबोळीच्या रुग्णालयात पेडण्याची माउली आणि बांद्याची माउली एकाच रांगेत बसतात. त्या रांगेत आपल्या लेकी उद्या नसाव्यात असे वाटत असेल, तर घरातील कुजबुज सोडा आणि आजच आरोग्यकेंद्राचा उंबरठा ओलांडा.