ब्रोआत मैदा घालू नका

गोव्याच्या पोदेरामुळे, म्हणजे पाववाल्यामुळे, आपल्या मनात पोर्तुगीज पाव म्हटलं की गव्हाची पोई किंवा उंडो येतो. उत्तर पोर्तुगालातल्या शेतकऱ्याच्या ताटात मात्र पिढ्यान्‌पिढ्या ब्रोआ असे. डोंगराळ, थंड, निकस जमिनीत गहू नीट पिकत नाही, राय हे धान्य तग धरतं. सोळाव्या शतकात अमेरिकेतून मका आला आणि तिथल्या मिन्यो प्रांताच्या ओल्या शेतांत रुजला. या दोन पिठांचा, वरून भेगाळलेला, हातात घेतला की वजन जाणवणारा गोल पाव म्हणजे ब्रोआ. हा पाव एकदा तरी घरी भाजा, आणि भाजताना तो हलका व्हावा म्हणून मैदा मिसळू नका. तिकडेही बरेच जण आज थोडं गव्हाचं पीठ घालतात, ते चूक नाही. पण पहिल्यांदा मूळ चव कळू द्या.

किराणा दुकानात ‘राई’ मागाल तर मोहरी हातात येईल. पुडीवर ‘राय फ्लोअर’ लिहिलेलं पाहून घ्या. मक्याचंही पिवळं पीठच हवं. सूप दाट करायचं पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, तो इथे चालत नाही.

आंबवण घरीच करा. रायचं पीठ आणि पाणी सारख्या वजनाने कालवून झाकून ठेवा, रोज अर्धं काढून टाका आणि तेवढंच ताजं पीठ-पाणी घाला. साधारण आठवडाभरात ते फसफसून दुप्पट होऊ लागतं, आपल्या उन्हाळ्यात त्याआधीच. यीस्टनेही पाव फुगतो, पण रायला आंबटपणा लागतोच. नाहीतर तिच्यातला स्टार्च भट्टीत फार विरघळतो आणि पाव आतून चिकट राहतो.

आता उकड. मोदक करणाऱ्या घराला हे शिकवायला नको. ३०० ग्रॅम मक्याच्या पिठात १० ग्रॅम मीठ घाला, त्यावर ४०० मिली उकळतं पाणी ओता, डावाने घोटा, झाका. मक्याचं पीठ गार पाण्यात बांधून घेत नाही. उकडीने ते चिकट होतं आणि पाणी धरून ठेवतं. उकड हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, घाई केलीत तर आंबवण मरेल. मग २०० ग्रॅम रायचं पीठ आणि १५० ग्रॅम आंबवण घालून ओल्या हाताने एकजीव करा. मळत बसू नका. मळून ताण धरेल असं ग्लुटेन यात फारसं नाही, नुसता हात भरेल. (थोडं मात्र आहे, म्हणून सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला हा पाव देऊ नका.)

गोळा झाकून ठेवा. दोनेक तासांनी फुगलेला दिसला की रायचं पीठ भुरभुरलेल्या वाडग्यात टाकून वाडगा गोल हलवा. गोळा आपोआप आकार घेतो. तो ट्रेवर उपडा करा आणि वरच्या पिठाला भेगा पडेपर्यंत थांबा. त्या भेगा हीच खूण, घड्याळाकडे पाहू नका. ओव्हन २३० अंशांवर चांगला तापवा, पाव आत ठेवा, पंधरा मिनिटांनी २०० वर आणा, पुढे पाऊण तास. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

आणि लगेच कापू नका. गरम ब्रोआ सुरीला चिकटते आणि पाव कच्चा राहिला असं उगाच वाटतं. कापडात गुंडाळून दुसऱ्या दिवशी कापा, पुढे चारपाच दिवस ती छान राहते. पोर्तो शहरात जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला तिच्यावर भाजलेले सार्डिन ठेवून खातात. आपल्याकडची निखाऱ्यावरची तारली तशीच ठेवून बघा. मासे खात नसाल तर बटाट्याचं दाट, पालेभाजी घातलेलं सूप बरोबर घ्या. उरलेली शिळी ब्रोआ चुरा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात खरपूस परता. तिकडे हा चुरा खारवलेल्या कॉड माशावर पसरून भाजतात, आपल्या भाजलेल्या भाज्यांवरही तो छान लागतो.